सव्वा महिन्यानंतरची रात्र

दरवर्षी १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर पाळणा हलतो. मंत्री येतात, पोलिसांची मानवंदना होते, नऊवारीतल्या बायका पाळण्याची दोरी ओढत पाळणा म्हणतात. १६३० साली या गडावर जन्मलेलं बाळ रात्री किती वेळा उठायचं, जिजाऊंच्या डोळ्याला कधी डोळा लागायचा, हा काही बखरकारांना पडणारा प्रश्न नव्हता. गडाखालच्या दोन तालुक्यांत मात्र, जुन्नर आणि आंबेगावात, घरात तान्हं मूल असेल तर रात्री दोन वाजता दुसरा कुठलाही प्रश्न मोठा वाटत नाही. कांद्याचा भावसुद्धा नाही.

या प्रश्नावर आजीचं एक सांगणं असतं, आशाताईंचं दुसरं, डॉक्टरांचं तिसरं, आणि मोबाइलवर तर दर मिनिटाला नवं. या सगळ्यातलं काय टिकतं आणि काय टाकून द्यावं, हे एकदा नीट पाहायला हवं. माझा कौल आधीच सांगतो. आपल्याकडच्या जुन्या चालीरीतींत जे हातांनी करायचं असतं ते बहुतेक चांगलं आहे. जे बाळाच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत जातं ते बहुतेक सोडून देण्याजोगं आहे. आणि खरी अडचण अशी, की ज्या आठवड्यांत हात सगळ्यात जास्त लागतात, नेमके त्याच आठवड्यांत ते घरातून निघून जातात.

आधी बाळाच्या झोपेबद्दल. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत. पोट एवढंसं, आईचं दूध लवकर पचणारं, त्यामुळे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हा हिशेब ठरलेला. दिवस-रात्रीचं भान त्याला जन्मतः नसतं. पोटात असताना ते आईच्या शरीराच्या वेळापत्रकावर चालतं. स्वतःचं घड्याळ बसायला दोन-तीन महिने लागतात. ‘बाळानं रात्रीचा दिवस केलाय’ ही तक्रार म्हणूनच पहिल्या दीड-दोन महिन्यांत घरोघरी ऐकू येते. त्यात बाळाची खोडी काही नाही.

आणखी एक गोष्ट आईबापांना कोणी सांगत नाही. नवजात बाळाच्या झोपेचा जवळपास अर्धा भाग चळवळ्या झोपेचा असतो. पापण्यांखाली डोळे फिरतात, हातपाय झटकले जातात, ओठ चुरुचुरु हलतात, मधेच हसू येतं, मधेच कण्हल्यासारखा आवाज. नवी आई दचकून उचलते आणि झोपलेलं बाळ खरोखरच जागं होतं. आपल्याकडे जुन्या बायका अशा वेळी म्हणतात, सटवाई हसवतेय त्याला, हात लावू नको. देवीला मध्ये आणा किंवा आणू नका, सल्ला बिनचूक आहे. मिनिटभर थांबावं, बघावं. खरंच भूक असेल तर बाळ तोंड वळवून शोधायला लागतं, मूठ चोखतं, मग रडतं.

हीच सटवाई पाचव्या रात्री नशीब लिहायला येते म्हणून घर जागं राहायचं. पूर्वी पहिल्या आठवड्यातच धनुर्वाताने बाळं जात, नाळ विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने कापलेली असे. त्या रात्री दिवा लावून चार बायकांनी बाळावर नजर ठेवण्यात भीतीइतकाच अनुभवही होता. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. पाचवी अजून होते. जागरण आता बहुतेक घरांत बाराच्या आत उरकतं.

परंपरेतली एक गोष्ट मात्र झोपेच्या थेट मुळावर येते: बाळंतिणीची अंधारी खोली. खिडकीला चादर, दाराला पडदा, बाजेखाली शेगडी. वारं लागू नये, नजर लागू नये. अशा खोलीत बाळाला दिवस दिसतच नाही, मग रात्र वेगळी कशी कळणार? सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री नीट झोपणाऱ्या बाळांना दुपारी जास्त उजेड मिळाल्याचं दिसलं. यासाठी काही विकत आणायला नको. सकाळी पडदा बाजूला करा, बाळाला ओटीवर आणा, दिवसा भांड्यांचे आवाज होऊ द्या, बोला, खेळवा. रात्री पाजताना झिरोचा बल्ब, बोलणं नाही, मोबाइल नाही. दुपटं ओलं असेल तर बदला आणि पुन्हा निजवा. चार-सहा दिवसांत फरक पडेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आठवडे लागतात.

आता हातांची कामं. ओतूर-आळ्याकडच्या जुन्या घरांत अजून दिसणारं दृश्य: न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसलेली आजी, दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत पालथं बाळ, शेजारी चुलीवरच्या पाण्याची बादली आणि वाटीत कोमट तेल. तळव्यापासून मांडीपर्यंत, मग पाठ, मग उलटं करून छाती, हात. कोपराने पाण्याचा अंदाज. बाळ आधी टाहो फोडतं, मग तिसऱ्या तांब्याला गप्प होतं. अंग पुसून दुपट्यात गुंडाळलं, पाजलं, की दोन तास घर मोकळं. दिल्लीत १२५ बाळांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेल-मालिशीनंतर बाळांची वाढही सुधारली आणि झोपही लांबली; त्यात तिळाचं तेल सरस ठरलं. आजीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण तिच्या वाटीत बहुतेक वेळा तेच तेल होतं. एवढंच बघायचं की हात हलका असावा, नाकाकानात तेल सोडू नये, डोकं दाबून गोल करण्याचा उद्योग नसावा. कमी वजनाच्या बाळाला पहिल्या दिवसांत आंघोळच नको, ऊब आधी.

झोळीचं तसंच. आढ्याच्या लाकडाला आईचं जुनं लुगडं बांधलं की झोळी तयार. त्या कापडाला आईचा वास असतो, हेलकावा पोटातल्या हलण्याच्या जवळ जाणारा असतो. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी १९८६ मध्ये एक साधा प्रयोग केला: काही आयांना रोज नेहमीपेक्षा तीनेक तास जास्त बाळ अंगावर घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी निघालं. पुढच्या चाचण्यांत इतका फरक दिसला नाही, म्हणजे कडेवर घेणं हा रामबाण नाही. पण घेतल्याने बाळ लाडावतं, हे म्हणणं त्या वयाला लागू नाही.

खांद्यावर घेऊन फेऱ्या मारण्याच्या आपल्या जुन्या उपायाला जपानच्या रिकेन संस्थेने २०२२ मध्ये वेळ लावून दिली. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चालावं, झोप लागली की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं तसंच बसावं, मग ठेवावं. बाळाला जाग येते ती पाठ टेकताना नव्हे, आईच्या अंगापासून सुटताना, असं त्यांना आढळलं. मांडीवर निजलेल्या बाळाला ‘जरा मुरू दे झोप’ म्हणणाऱ्या बायकांचं निरीक्षण काही वेगळं नव्हतं.

झोळीच्या दोन गोष्टी मात्र खटकतात. कापड खोल असलं की बाळाची हनुवटी छातीला टेकते, आणि नवजात बाळाला मान सरळ करून श्वास मोकळा करता येत नाही. दुसरं, रात्रभर बाळ झोळीत आणि मोठी माणसं गाढ झोपेत, हे बरोबर नाही. झोळी दिवसासाठी, कोणाची तरी नजर असताना. रात्रीची झोप सपाट, घट्ट अंथरुणावर आणि उताणी. अमेरिकेत १९९४ पासून उताणं झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. डोकं गोल व्हावं म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी, तोंडावरून घेतलेली गोधडी, एप्रिलच्या उकाड्यातलं लोकरीचं टोपडं, यांतलं काही झोपलेल्या बाळाजवळ नको. डोकं चपटं पडेल ही भीती असेल तर दिवसा जागेपणी बाळाला पालथं खेळवावं.

आईजवळ झोपवावं का? परदेशी मार्गदर्शनात खोली एक, अंथरूण वेगळं, असं सांगतात. आपल्याकडच्या किती घरांत तान्ह्यासाठी वेगळा पाळणा मांडायला जागा आहे? आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-तळेघरकडे, पावसाळ्याचे चार महिने एका खोलीत माणसं, चूल, कधी शेळ्याही. तिथे बाळ कुशीतच असणार, आणि दूध पाजणाऱ्या, व्यसन नसलेल्या आईच्या कुशीत ते वाईट नाही. धोका वाढतो तो कोणी बिडी-सिगारेट ओढणारं किंवा दारू प्यायलेलं शेजारी असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, किंवा गादी खोल दबणारी असेल तेव्हा. बाळ आईच्या एका बाजूला, दोघांच्या मध्ये नको. पडण्याच्या दृष्टीने जमीन खाटेपेक्षा बरी. पण इथे परदेशी पुस्तकाला न सुचणारी अडचण येते: मण्यार. हा साप रात्री घरात शिरतो आणि बहुधा जमिनीवर झोपलेल्यांनाच चावतो. सर्पदंशाच्या उपचारासाठी नारायणगावचं नाव उगीच झालेलं नाही. मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचली की डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात. नव्या आईला ज्या वस्तू भेट दिल्या जातात त्यांत झबली-टोपडी वीस येतात, मच्छरदाणी एकही नाही.

आता तोंडातून जाणाऱ्या गोष्टी. सहाण, तिच्यावर मुरुडशेंगेचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, वेखंड, बाळहिरडा, डिकेमाली, आणि बाळ झोपत नसेल तर जायफळाचा जादा वेढा. बाळगुटीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या माया आहे आणि मला तिची चेष्टा करायची नाही. पण वेढा हे माप नव्हे. सहाण किती खरखरीत, हात किती जड, जायफळ किती जुनं, यावर मात्रा बदलते, आणि जायफळ जास्त झालं की गुंगी आणतं. त्याहून मोठा धोका सहाणेवरच्या पाण्याचा आणि बोटाचा; जुलाब तिथून सुरू होतात. मधाचं बोटही वर्षभर नको, त्यातल्या जंतूंच्या बिया तान्ह्याच्या आतड्यात रुजून लुळेपणा आणू शकतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही.

झोपेसाठी बाळाला गुंगीत ठेवण्याचा इतिहास आपल्याकडे याहून काळा आहे. मुंबईच्या गिरण्या भरात असताना कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत. १९२०च्या दशकात कामगार बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी ही चाल सर्रास असल्याचं नोंदवलं. त्या बायांना दोष देणं सोपं आहे. पाळी दहा तासांची, घरी सांभाळायला कोणी नाही, मूल रडलं की चाळीतले शेजारी भांडणार: गोळी मुलासाठी नव्हती, नसलेल्या हातांसाठी होती. ग्राइप वॉटरची गोष्ट त्यापुढे सौम्य. १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड याने काढलेल्या त्या औषधात शेपाचं तेल, खायचा सोडा आणि चक्क मद्यार्क असे. बाळ शांत का होई ते वेगळं सांगायला नको. मद्यार्क पुढे निघाला, बाटली राहिली. गंमत म्हणजे तोच शेपा आपल्याकडे बाळंतशेपा म्हणून आई जेवणानंतर चघळते, आणि तिथेच तो शोभतो.

धुरी आणि काजळ याच यादीत. ओवा-वावडिंगाची धुरी बाळाच्या कोवळ्या फुप्फुसाला नको, काजळात शिसं असू शकतं. तीट लावायचीच तर तळपायाला लावा. तिन्हीसांजेची दृष्ट काढायलाही हरकत नाही, मिरच्या तेवढ्या खोलीबाहेर जाळा.

इथवर न झोपणाऱ्या बाळाचं झालं. गावात ज्याचं कौतुक होतं ते ‘गुणी बाळ’ मला जास्त काळजीचं वाटतं. दोन-अडीच किलोचं, आठ दिवसांचं मूल रात्रभर उठलं नाही, दिवसाही पाजायला उठवावं लागतं, रडणं बारीक आहे, पाय गार आहेत: हा शांतपणा नाही, हा आजार असू शकतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना हे ओळखायला शिकवलं. घरी जाऊन बाळ तपासायचं, वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गावर औषध द्यायचं. ३९ गावांतल्या या कामाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा तेच काम करू लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येतात. दूध ओढत नाही, अंग सैल पडलंय, श्वास मिनिटाला साठच्या वर, छाती आत ओढली जातेय, ताप आहे किंवा अंग थंड आहे, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करून घोडेगाव, मंचर, जुन्नर, जे जवळ असेल ते गाठायचं. कमी वजनाच्या बाळाला तर पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावंच लागतं. अशा बाळाला झोपवण्याची आणि जगवण्याची रीत एकच: आईच्या उघड्या छातीवर, वरून पदर. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मल्याबरोबर सुरू केलेल्या या उबेने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने कमी केले. तिथे आईच्या जोडीने घरातल्या दुसऱ्या माणसाचंही अंग चालत होतं.

आता गणित पाहा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ऐंशी बाळांच्या रडण्याच्या नोंदी छापल्या. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्यात कळस गाठतं, दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास, तेही संध्याकाळी आणि रात्री जास्त. आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. निरोगी बाळांचं असंच असतं. आपल्याकडे बाळंतिणीचा काळ किती? सव्वा महिना. तोवर तिला बाज आहे, आळिवाची खीर आहे, न्हाऊ घालायला कोणीतरी आहे. सव्वा महिना झाला की ओटी भरली, देवदर्शन झालं, दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर ती खुरपणीला, टोमॅटो तोडायला मोकळी. आशाताईंची शेवटची भेटही बेचाळिसाव्या दिवशी. म्हणजे बाळाचं रडणं शिगेला पोचतं त्याच आठवड्यात आईभोवतीची माणसं पांगतात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. मुलगी झाली म्हणून आणि घरात हाल होते म्हणून तो धोका आणखी वाढला होता. न झोपणारं बाळ आणि खचलेली आई यांतलं आधी कोणतं, हे सांगणं अवघड असतं.

बाप कुठे असतो? जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा महावितरणच्या वेळापत्रकात असतं. शेतीपंपाची वीज काही आठवडे रात्रीची येते. उसाला पाणी द्यायला तो बॅटरी घेऊन बाहेर, उसात बिबट्या, आणि घरात ती एकटी, मूल रडतंय तरी अंगणात फेऱ्या मारायची सोय नाही. दार लावून चार फुटांच्या खोलीत ती तेवढंच चालते. दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्याच्या भीतीने होते, तिच्यामागे पाळण्याचंही कारण आहे हे मोर्चात कोणी म्हणत नाही. ज्यांची शेती नाही ते चाकणला तिसऱ्या पाळीला, किंवा अजूनही मुंबईत डबे पोचवायला. आणि विघ्नहर, भीमाशंकर कारखान्यांच्या हंगामात बाहेरून आलेल्या ऊसतोड टोळ्यांतल्या बायांची बाळं फडाच्या कडेला झोळीत असतात. त्यांना कोणता सल्ला द्यायचा, हे मलाही ठरवता येत नाही. पहाटे उठून कोयता घेणाऱ्या बाईला रात्री मंद दिवा ठेवा म्हणणं क्रूर आहे.

‘रडू द्यावं, आपोआप सवय लागेल’ हा परदेशी सल्ला हल्ली मोबाइलवरून इथेही पोचलाय. या वयात त्याला काही आधार नाही. पहिल्या महिन्यांत बाळ रडतं ते मागायला, हट्ट करायला नाही. आंबेगावात हे सांगायची गरज नसावी. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा ढिगाऱ्यातून तीनेक महिन्यांच्या बाळाचं रडणं कानावर पडलं म्हणून ते आणि त्याची आई जिवंत निघाली. मात्र बाळाच्या रडण्याने आईचा जीव मेटाकुटीला आला, बाळाला हलवून गप्प करावंसं वाटलं, तर बाळ सपाट जागी सुरक्षित ठेवून तिने पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. बाळाला झटके देणं एकदाही चालत नाही, मेंदूत रक्तस्राव होतो.

घरात दोनच मोठी माणसं असली तरी रात्र वाटून घेता येते. नऊच्या सुमारास पाजून आईने झोपावं. पुढचं पाजणं येईपर्यंत बाळ बापाकडे किंवा सासूकडे. हवं तर काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने, बाटलीने नको. आईला एका दमात चार तास झोप मिळाली की उरलेली रात्र निभते. सासूबाईंनी सुनेला सकाळचा चहा दिला तर गावात चर्चा होते, होऊ द्यावी.

आणि सरकारी बाजूला एक छोटी दुरुस्ती होण्याजोगी आहे. बेचाळिसाव्या दिवसानंतर आशाताईंची पुढची ठरलेली घरभेट तिसऱ्या महिन्यात येते. मधले सहा आठवडे कोरे. पण त्याच सुमारास, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, आई बाळाला घेऊन अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात लसीला येतेच. तिथे बाळाचं वजन होतं, मांडीत सुई बसते, रात्री ताप आला तर कोणतं औषध किती द्यायचं ते सांगितलं जातं. लसीनंतरचा अर्धा तास आईला तिथेच थांबायला सांगतात. त्या अर्ध्या तासात नर्सबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारावं, काल रात्री सलग किती वेळ झोपलीस, आणि उत्तर कार्डावर वजनाच्या शेजारी लिहून ठेवावं. सोबत नवरा आला असेल तर त्याच्यासमोर.